परिसेविकेच्या हातातील यादी

नगर नाक्यावरून छत्रपती संभाजीनगरात शिरताना लागणाऱ्या झाडीच्या विस्तीर्ण परिसरास शहरातील लहानथोर 'छावणी' एवढ्याच नावाने ओळखतात. निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा येथे तळ होता आणि १८५७ च्या उठावाची ठिणगी याच तळावरील घोडदळातही पडली होती. हा इतिहास अनेकांना ठाऊक असतो. छावण्यांनी या देशाला रुग्णसेवेची शिस्तही शिकवली, तिची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतातील छावण्यांमध्ये गोरे सैनिक लढाईपेक्षा रोगराईने अधिक मरत असत. या प्रश्नाच्या चौकशीसाठी १८५९ मध्ये शाही आयोग नेमला गेला आणि १८६३ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यामागील एक प्रमुख प्रेरणा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची होती. त्या स्वतः कधीही भारतात आल्या नाहीत. परंतु निरनिराळ्या लष्करी ठाण्यांकडून प्रश्नावलीची उत्तरे मागवून त्यांनी पाणी, गटारे, बराकी आणि रुग्णालये यांचा बारकाईने अभ्यास केला. सुधारणा सुरू झाल्यानंतर दहा वर्षांत सैनिकांमधील मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६९ वरून १८ वर आल्याचे त्यांनी नमूद केले. नवे औषध सापडले म्हणून हा फरक पडला नव्हता. तो व्यवस्थेतील बदलामुळे पडला होता.

पुढे २८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या आणि भारतातील लष्करी रुग्णालयांत संघटित परिचर्येस प्रारंभ झाला. या सेवेतील परिचारिकांना १९४३ मध्ये अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला. आज सैनिकी परिचर्या सेवेत कमिशन मिळालेली तरुणी लेफ्टनंट म्हणून रुजू होते. जिच्यावर वॉर्डाची जबाबदारी, तिच्या खांद्यावर अधिकाराचे चिन्हही हवे, हे लष्कराने मान्य केले. छावणीच्या हद्दीबाहेरील रुग्णालयांत मात्र जबाबदारी आणि अधिकार यांची अशी सांगड अजूनही सर्वत्र बसलेली दिसत नाही.

याच शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, म्हणजे सर्वांचे 'घाटी', १९५६ पासून मराठवाड्यातील रुग्णांचा आधार आहे. शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण तेथे येतात. राज्यातील अशा शासकीय रुग्णालयांत परिचर्येची एक ठरलेली श्रेणी असते. रुग्णाच्या खाटेजवळ अधिपरिचारिका, तिच्यावर वॉर्डाची प्रमुख परिसेविका, त्यापुढे सहाय्यक अधिसेविका आणि सर्वांत वर अधिसेविका. बोलण्यात याच पदांना स्टाफ सिस्टर, इन्चार्ज सिस्टर आणि मेट्रन म्हणतात. डॉक्टर दिवसातून एकदोनदा फेरी करून जातात. उरलेल्या वेळात वॉर्ड कसा चालेल, हे बहुतांशी इन्चार्ज सिस्टरच्या व्यवस्थेवर ठरते. रुग्णाचे नातेवाईक तिचे नाव सहसा विचारत नाहीत. तिच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलींचे आरोग्य, झोप, संसार आणि नोकरीत टिकून राहण्याची इच्छा मात्र बऱ्याच अंशी तिच्या हाती असते.

हे कसे, ते थोड्या हिशोबाने समजते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयांत ३ खाटांमागे १ आणि सर्वसाधारण रुग्णालयांत ५ खाटांमागे १ परिचारिका असावी. शिवाय रजेसाठी ३० टक्के पदे राखीव असावीत. त्या हिशोबाने ३० खाटांच्या सर्वसाधारण वॉर्डास ६ परिचारिका लागतात आणि रजेपोटी आणखी २. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या, तर निकष पूर्ण पाळला गेला तरीही एका पाळीत साधारण दोघीच उभ्या राहतात. त्यांतील एकीच्या मुलाला पहाटे ताप आला आणि बदली मिळाली नाही, तर ३० रुग्णांची सलाइने, इंजेक्शने, ड्रेसिंग, नोंदी आणि नातेवाइकांचे प्रश्न एकटीच्या अंगावर येतात. आणि ज्या रुग्णालयात रजा राखीव पदे केवळ कागदावर असतात, तेथे अशी पहाट अधूनमधून येतच राहते.

पदे मंजूर करणे परिसेविकेच्या हाती नसते. उपलब्ध मनुष्यबळ कसे वाटायचे, हे तिच्या हाती असते, आणि ते वाटप ती ज्या कागदावर करते तो म्हणजे ड्यूटीची यादी. वरवर पाहता ही नावे आणि पाळ्यांची साधी चौकट. एखाद्या वॉर्डात ही यादी आदल्या दिवशी संध्याकाळी लागते. जी मुलगी उलट बोलत नाही, तिच्याच नावापुढे पुन्हा पुन्हा रात्रपाळी येते. रात्रपाळीनंतरची हक्काची सुट्टी 'यावेळी जमणार नाही' म्हणून पुढे ढकलली जाते. रजेचा अर्ज टेबलावर तसाच पडून राहतो आणि 'नाही' असे स्पष्ट उत्तरही मिळत नाही. दुसऱ्या वॉर्डात यादी आठवडाभर आधी लागते. दिवाळीची रजा गेल्या वर्षी कोणाला मिळाली होती, याची नोंद एका वहीत असते आणि यंदा ती दुसरीला मिळते. नवी मुलगी पहिल्या महिन्यात रात्री एकटी ठेवली जात नाही. गर्भवती सहकारिणीला जड कामातून वगळले जाते आणि का वगळले, हे इतर सर्वांना सांगितले जाते. दोन्ही वॉर्डांत माणसे तेवढीच, वेतन तेवढेच आणि रुग्णही तेवढेच असू शकतात. तरीही वर्षभराने पहिल्या वॉर्डातून बदलीचे अर्ज निघू लागतात आणि दुसऱ्या वॉर्डात नव्या मुली स्वतःहून नेमणूक मागतात.

हा केवळ स्वभावाचा किंवा मायेचा प्रश्न मानला जातो, तेथेच चूक होते. १९८० च्या सुमारास अमेरिकेत परिचारिकांची तीव्र टंचाई असताना काही रुग्णालये मात्र परिचारिकांना धरून ठेवू शकत होती. अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंग या संस्थेने १६३ रुग्णालयांचा अभ्यास करून अशी ४१ रुग्णालये निवडली आणि १९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोहचुंबकाप्रमाणे माणसे खेचतात म्हणून त्यांना 'मॅग्नेट' हे नाव मिळाले. या रुग्णालयांत परिचर्या विभागाच्या प्रमुख वॉर्डांत प्रत्यक्ष दिसत, निर्णयांत परिचारिकांचे मत घेतले जाई, पाळ्यांची आखणी लवचिक असे आणि मनुष्यबळ पुरेसे असे. म्हणजे माणसे टिकवण्याचे रहस्य मुख्यतः परिचर्येच्या नेतृत्वात आणि त्या नेतृत्वाला मिळालेल्या अधिकारात सापडले.

परिचारिकेचे सुख हा तिचा खासगी विषय नाही, याचाही पुरावा आहे. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेकडील रुग्णांची संख्या एकाने वाढली, तर तिच्या थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि कामाविषयी असमाधानाची शक्यता १५ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात दिसले. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यताही ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. हे तिन्ही आकडे एकाच खात्यातील आहेत. परिचारिकेच्या बाजूला पडलेली तूट रुग्णाच्या बाजूला उतरते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये 'बर्नआउट', म्हणजे कामाच्या दीर्घ ताणातून येणारा शक्तिपात, कामाशी निगडित घटना म्हणून आपल्या वर्गीकरणात स्पष्ट केला. थकवा, कामाविषयी येणारी विरक्ती किंवा तुटकपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, ही त्याची तीन लक्षणे सांगितली गेली. सिस्टर 'तुसडी' वागली अशी तक्रार रुग्णाचे नातेवाईक करतात, तेव्हा अनेकदा त्यांना यांतील दुसरे लक्षण भेटलेले असते.

नेतृत्वाचा आणखी एक परिणाम तर हिशोब तपासणाऱ्या माणसालाही चकित करणारा आहे. १९९० च्या दशकात हार्वर्डमधील संशोधक एमी एडमंडसन यांनी दोन रुग्णालयांतील आठ विभागांत औषध देण्यातील चुकांचा अभ्यास केला. चांगले नेतृत्व आणि परस्परांशी चांगले संबंध असलेल्या विभागांत चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. चांगल्या विभागांतच नोंदलेल्या चुका अधिक होत्या. खोलात गेल्यावर कारण उमगले. जेथे वॉर्डप्रमुख चूक सांगणाऱ्याला पाण्यात पाहत नव्हती, तेथे परिचारिका चूक झाल्याबरोबर बोलून दाखवत होत्या. जेथे दरारा होता, तेथे चूक घडत असे, पण नोंदवहीत येत नसे. वर्षभर एकही त्रुटी नोंदलेली नाही असे दफ्तर पाहून मुरलेला लेखापाल समाधान पावत नाही, त्याला शंका येते. रुग्णालयाच्या व्यवस्थापनानेही तशीच शंका घ्यायला हवी. चुकीचा डोस दिला गेला, हे रात्री दोन वाजता डॉक्टरांना कळवण्याचे धैर्य एखाद्या तेवीस वर्षांच्या मुलीत येते की नाही, हे बऱ्याच वेळा तिच्या इन्चार्जने मागच्या चुकीच्या वेळी काय केले होते यावर अवलंबून असते.

महाराष्ट्रात परिचारिकांच्या कामाच्या परिस्थितीची चर्चा अरुणा शानबाग यांच्या उल्लेखाशिवाय पूर्ण होऊ शकत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील या तरुण परिचारिकेवर तळघरात कपडे बदलत असताना तेथीलच एका कामगाराने प्राणघातक अत्याचार केला. त्यातून आलेल्या अवस्थेत त्या १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयात होत्या. घटनेनंतर मुंबईतील परिचारिकांनी संप केला, तेव्हा अरुणा यांच्या काळजीबरोबरच कामाच्या जागी सुरक्षित वातावरणाचीही मागणी होती. कपडे बदलण्यासाठी सुरक्षित खोली, तिला आतून कडी, वाटेवर दिवा, या गोष्टी कोणत्याही अंदाजपत्रकात मोठ्या नसतात. परंतु त्या आहेत की नाहीत हे रोज पाहणारे आणि नसतील तर वरपर्यंत मागणी नेणारे कोणीतरी लागते.

याच घटनेची दुसरी बाजू के.ई.एम.च्या परिचारिकांनी लिहिली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये दिलेल्या निकालात, अंथरुणाला खिळून ३७ वर्षे झाली तरी अरुणा यांच्या अंगावर एकही शय्याव्रण नाही, याची आवर्जून दखल घेतली. शय्याव्रण टाळायचे, तर रुग्णाची कूस ठरावीक अंतराने बदलावी लागते, अंग पुसून कोरडे ठेवावे लागते आणि हे एका पाळीने दुसऱ्या पाळीला सांगून जावे लागते. अंगावर घेतलेले हे काम चार दशके टिकले. एवढ्या काळात किती परिचारिका रुजू झाल्या आणि निवृत्त होऊन गेल्या असतील! ज्यांनी अरुणा यांना नोकरीत कधी पाहिलेही नव्हते, त्यांनीही त्यांना आपल्यातलीच मानले. इतके दीर्घ काम केवळ भावनेच्या भरात होत नाही. नव्या मुलीला हाताला धरून शिकवणारी ज्येष्ठ सिस्टर आणि हँडओव्हर चोख घेणारी इन्चार्ज असल्याशिवाय ते घडत नाही. आपल्यावर वेळ आली तर ही माणसे आपल्यालाही टाकणार नाहीत, हा विश्वास ज्या संस्थेत मिळतो, तेथे काम करणाऱ्याला वेतनाच्या पलीकडचे काही मिळत असते.

मग प्रत्येक परिसेविका अशीच का वागत नाही? याचे उत्तर तिच्या स्वभावात शोधण्याआधी तिच्या टेबलाकडे पाहिले पाहिजे. बहुतेक ठिकाणी ती सेवाज्येष्ठतेने या पदावर येते. उत्तम इंजेक्शन देणारी, शीर चटकन शोधणारी परिचारिका एका आदेशाने आठदहा जणींची प्रमुख होते. माणसे कशी सांभाळावीत, भांडण कसे मिटवावे, रजा कशी वाटावी याचे शिक्षण तिला कोणी दिलेले नसते. तिचा दिवस इंडेंट भरण्यात, चादरी मोजण्यात, बंद पडलेल्या यंत्राची तक्रार लिहिण्यात आणि साठ्याचा मेळ घालण्यात जातो. नातेवाइकांचा राग तिच्यावर, डॉक्टरांची घाई तिच्यावर आणि प्रशासनाचा खुलासाही तिच्याकडूनच. दोन परिचारिका कमी आहेत असे तिने लिहून दिले, तर 'आहे त्यात भागवा' हे उत्तर तिला पाठ असते. जिला स्वतःला कोणी ऐकून घेत नाही, तिच्याकडून दुसऱ्याचे ऐकून घेण्याची अपेक्षा फार दिवस पुरी होत नाही. वरून आलेला ताण ती खाली देऊ लागते, आणि मग सगळे मिळून तिलाच कडक म्हणतात.

नाइटिंगेल यांनी परिचर्येवरील आपल्या प्रसिद्ध पुस्तकात किरकोळ वाटणाऱ्या व्यवस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. प्रमुख व्यक्ती हजर असताना जे होते, ते ती हजर नसतानाही व्हावे, अशी तजवीज करणे हीच तिची खरी जबाबदारी, असा त्याचा आशय आहे. या कसोटीवर पाहता जी परिसेविका चार दिवसांची रजा निर्धास्तपणे घेऊ शकते, तिचा वॉर्ड नीट चालला आहे असे समजावे. जिला रजेतही दर तासाला फोन येतो, तिच्या कष्टांचे कौतुक जरूर करावे, परंतु व्यवस्थेत काहीतरी उणे आहे हेही ओळखावे.

जैन परंपरेत सहा आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची गणना होते आणि ज्यांची सेवा करावी त्यांत 'ग्लान' हा एक सांगितला आहे. ग्लान म्हणजे रोगी, तसाच तो थकलेला, म्लान झालेलाही. या शब्दाचा पुरता अर्थ घेतला, तर खाटेवरील रुग्णाबरोबर सलग सहावी रात्रपाळी संपवून बाहेर पडणारी परिचारिकाही त्या सेवेच्या कक्षेत येते. समाजातील अनेक दानशूर कुटुंबे रुग्णालये उभारतात, विश्वस्त म्हणून वेळ देतात, यंत्रे आणि रुग्णवाहिका भेट देतात. त्या दानाचे मोल कमी नाही. परंतु यंत्र जिच्या हाताने चालायचे आणि रुग्ण जिच्या नजरेखाली राहायचा, तिची स्थिती विश्वस्तांच्या सभेत फारशी चर्चेला येत नाही.

ती यावी, यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. गेल्या तीन महिन्यांच्या ड्यूटीच्या याद्या समोर ठेवून काही साधे प्रश्न विचारता येतात. कोणाच्या वाट्याला सर्वाधिक रात्रपाळ्या आल्या? रजेचे किती अर्ज आले, किती नाकारले आणि किती उत्तराविना राहिले? रजा राखीव पदांपैकी किती प्रत्यक्ष भरलेली आहेत? गेल्या वर्षी किती परिचारिका सोडून गेल्या आणि जाताना त्यांना कारण कोणी विचारले का? रात्री ड्यूटी संपवून किंवा ड्यूटीवर येताना त्यांच्या येण्याजाण्याची सोय काय? कपडे बदलण्याच्या खोलीला आतून कडी आहे का? आणि चादरी मोजण्याचे काम एखाद्या लिपिकाकडे देऊन इन्चार्ज सिस्टरला दिवसातले दोन तास मोकळे करता येतील का?

या प्रश्नांची उत्तरे परिसेविकेनेच, सभेत खुर्चीवर बसून द्यावीत. दाराबाहेर उभे राहून निरोपाची वाट पाहण्याचे तिला कारण नाही. तिने मनुष्यबळाविषयी लिहून दिलेल्या पत्राला ठरावीक दिवसांत लेखी उत्तर मिळावे. उत्तर नकाराचे असले तरी कारणासह असावे. नव्याने या पदावर येणाऱ्या सिस्टरला माणसे सांभाळण्याचे थोडेतरी प्रशिक्षण मिळावे आणि पहिले काही महिने एखाद्या अनुभवी परिसेविकेचा सल्ला घेण्याची मुभा असावी. छावणीतील लष्करी सेवेने हुद्द्याच्या रूपाने जी मान्यता परिचारिकेला दिली, तिचे नागरी रूप याहून वेगळे असण्याचे कारण नाही. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत इमारतीचा रंग, लिफ्टची दुरुस्ती आणि नव्या यंत्राची खरेदी यांच्या आधी परिसेविकेचे निवेदन हा विषय घालता येईल. त्या दिवशी तिने सोबत ड्यूटीची यादी तेवढी आणावी.